चाळिशीत प्रादेशिक सेना: फॉर्म भरू की राहू दे?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. वय ४०. इंदूरचाच. बालपण लोकमान्य नगरात गेलं, आता राजेंद्र नगरला राहतो. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी सांभाळतो. घरी बायको (शाळेत शिकवते), पाचवीतली मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांची आई. वडील नाहीत, भाऊ नाही, बहीण पुण्याला असते.

बाविसाव्या आणि तेविसाव्या वर्षी भोपाळला एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या चाचणीला, गेलो होतो. दोन्ही वेळा निवड झाली नाही, पाचव्या दिवशी छातीवरचा नंबर काढून ठेवला आणि परत आलो. नंतर नोकरी, लग्न, घराचा हप्ता. विषय संपला असं मीही धरून चाललो होतो. पण महूच्या लष्करी छावणीच्या रस्त्यानं जाताना पहाटे पळणारी पोरं दिसली की गाडी आपोआप हळू होते, हे बायकोनं कधीच ओळखलंय.

प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी) अधिकारी होण्यासाठी ४२ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. पदवी हवी आणि स्वतःचा नोकरी-धंदा हवा, कारण ही सेनाच मुळी कामधंदा करणाऱ्या नागरिकांची आहे: वर्षातून दोन महिने वर्दी, बाकी आपलं काम. लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी, मेडिकल, आणि निभावलं तर लेफ्टनंट. म्हणजे माझ्या हातात फार तर दोन संधी.

बायको 'नको' म्हणत नाही. ती म्हणते, "तू ठरव." आणि ते ऐकल्यापासून माझी झोप उडालीय, कारण 'तू ठरव' याचा अर्थ 'माझं मत विचारात घेतलं जाणार नाही हे मला माहीत आहे' असाही होतो. आईला अजून सांगितलेलं नाही. तुमची मतं हवीत. कडू असली तरी चालतील.

महूची लेक

दादा, कडू चालेल म्हणालात म्हणून लिहिते. माझे बाबा फौजेत होते, मी महूत वाढले. बाबा काश्मीरमध्ये असताना आमच्या रांगेतल्या बाराही घरांतले बाबा कुठे ना कुठे लांब होते. त्यामुळे आईला कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. रात्री भावाला ताप आला तर शेजारच्या काकू बोलावायच्या आधीच दारात असायच्या. युनिटचा माणूस यायचा, एमआय रूम (युनिटचा दवाखाना) जवळ होती, शाळेत निम्म्या वर्गाचे बाबा लांबच होते. फौजी घर उभं राहतं ते नुसत्या त्या एका बाईच्या धीरावर नाही, त्या सगळ्या रांगेवर उभं राहतं.

तुमच्या बायकोला ती रांग मिळणार नाही. राजेंद्र नगरात ती एकटीच असेल जिचा नवरा दोन-तीन महिने नाहीये, आणि शेजारी विचारतील, "पण यांची तर कंपनीत नोकरी आहे ना?" नियमित सैन्यातल्या बाईनं लग्न करतानाच ते आयुष्य पत्करलेलं असतं. वहिनींनी पीथमपूरला जाऊन संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या माणसाशी लग्न केलं. करार तुम्ही बदलताय. त्यांचं 'तू ठरव' मला तरी होकार वाटत नाही.

जुनी वर्दी

मी प्रादेशिक सेनेत १४ वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्द.

आधी लोकांचा एक गैरसमज दूर करतो. ही हौसेची सेना नाही. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, आणि १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही लढायांत तिची माणसं होती. क्रिकेटपटूंना मानद हुद्दा मिळतो तेवढंच वर्तमानपत्रात येतं, म्हणून लोकांना वाटतं की गणवेश घालून फोटो काढायचा. मी ज्यांच्याबरोबर होतो त्यांत बँकेतला माणूस होता, वकील होता, शेतकरी होता. वर्षातून एकदा आम्ही जमायचो आणि चौथ्या दिवसापर्यंत कोण काय करतो हे विसरलेलं असायचं.

राजेंद्रनगरकर, चाळिशीचा माणूस तिथे कमी पडत नाही. पळण्यात पंचविशीचा पोरगा पुढे जाईल, जाऊ द्या. पण एखाद्या जवानाच्या घरी जमिनीचा तंटा चालू आहे, तो रात्री झोपत नाही, हे चाळिशीच्या माणसाला लवकर कळतं. शॉप फ्लोअरवर माणसं सांभाळलेली आहेत तुम्ही. ते तिथे कामाला येतं.

ताईंनी रांगेबद्दल लिहिलं ते सोळा आणे खरं. माझी बायको त्या वर्षांबद्दल आजही फार बोलत नाही. तरी मी सांगेन, भरा.

हिशेबाची वही

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो, कारण या विषयात आकडे कुणी मांडत नाही.

वेळ: पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक ट्रेनिंग. दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक शिबिर, पहिलं वर्षही त्यात आलं. शिवाय पहिल्या दोन वर्षांत कधीतरी चेन्नईच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) तीन महिने. बेरीज करा: पहिल्या २४ महिन्यांतले ८ महिने तुम्ही घरी नाही. 'वर्षातून दोन महिने तर जायचंय' असं घरी सांगितलं असेल तर आजच दुरुस्त करा.

पैसा: ट्रेनिंगवर किंवा सेवेवर बोलावलेल्या दिवसांचाच पगार मिळतो. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० पासून, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, आणि महागाई भत्ता. म्हणजे तेवढे महिने घर उपाशी राहणार नाही. पण कंपनीनं ती रजा बिनपगारी धरली तर तुमचा बोनस, पीएफ, बढतीचा नंबर यांचं काय, ते एचआरकडून लेखी घ्या.

पेन्शन: ही आशा धरू नका. अधिकाऱ्याला प्रत्यक्ष बोलावलेल्या सेवेची २० वर्षं भरावी लागतात. वर्षाला दोन महिने धरले तर २० वर्षांत ४० महिने होतात.

विमा: टर्म पॉलिसी काढताना फॉर्मवर कारखान्यातली नोकरी लिहिली असणार. नव्या कामाची माहिती कंपनीला कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. अपघाताच्या रायडरमध्ये (जोड-विम्यात) युद्ध बहुधा वगळलेलं असतं, ते कलम बायकोसमोर बसून वाचा. समोर बसून, हे मुद्दाम सांगतोय.

पळासिया चौक

मला एक कळत नाही. देशासाठी काही करायचं तर घरापासून लांबच जावं लागतं का?

७ मे २०२५ ला देशभर हवाई हल्ल्याच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं, त्यात आपलं इंदूरही होतं. संध्याकाळी दिवे घालवायचे होते. आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना वेळ माहीत नव्हती, एका आजीला वाटलं खरंच हल्ला झाला, ती रडायला लागली. तिला धीर द्यायला, जिन्यातून खाली आणायला शिकलेला एकही माणूस नव्हता. मीही नव्हतो. नागरी संरक्षण दल आहे, होमगार्ड आहे, दोन्हीकडे माणसं लागतात. रात्री घरी येता येतं, आईच्या गोळ्या वेळेवर देता येतात.

राजेंद्रनगरकर, राग मानू नका, पण मला वाटतं तुम्हाला सेवा करायची आहे त्याहून जास्त ते भोपाळचं राहिलेलं पूर्ण करायचं आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याची किंमत चार वर्षांच्या पोरानं का मोजावी?

नंदलालपुरा

पळासिया भाऊ, तुमचं अर्धं पटतं. पण प्रत्येक माणूस घरापासून दोन किलोमीटरच्या आतलीच सेवा निवडायला लागला तर सीमेवर कोण उभं राहणार? कुणाचं तरी चार वर्षांचं पोर मोजतंच आहे ती किंमत. ते पोर आपल्या गल्लीतलं नसतं म्हणून आपल्याला दिसत नाही.

महूची लेक

नंदलालपुरा, ते पोर मी होते. म्हणूनच बोलतेय.

आणि एक गोष्ट अजून कुणी काढलीच नाही. दोन महिने, आठ महिने हा हिशेब शांततेतला आहे. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेनं सरकारनं लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ बटालियन तैनात करायला मंजुरी दिली, आणि मुदत कुठवर? ९ फेब्रुवारी २०२८. बोलावणं आलं की मुलीची परीक्षा, आईचं ऑपरेशन, कंपनीचं ऑडिट, काही चालत नाही. चालूही नये, नाहीतर ती सेना कसली. पण हे वाक्य वहिनींना स्वच्छ शब्दांत सांगितलंय का तुम्ही?

जुनी वर्दी

ताई बरोबर आहेत. मला जेव्हा बोलावणं आलं तेव्हा पहिल्यांदा सहा महिन्यांचं म्हणाले आणि मी दीड वर्षानं घरी आलो. धाकटी मला 'अहो' म्हणाली, आईचं ऐकून. त्या रात्री मी फार रडलो. तरी पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा गेलो असतो. हे दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं खोटं होत नाही. वर 'भरा' असं लिहिताना मी ही गोष्ट गाळली, ते योग्य झालं नाही.

नोकरीचं म्हणाल तर प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे बोलावणं संपल्यावर मालकानं माणसाला परत कामावर घ्यायला हवं. कायदा चांगला आहे. पण परत घेतात आणि तुमची खुर्ची मात्र दुसऱ्यानं भरलेली असते, हे मी पाहिलंय. माझ्याबरोबरच्या एका दुकानदाराचं तर आणखी वेगळं. त्याला परत घेणारा मालकच नव्हता, गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडे वळलं.

राजेंद्रनगरकर

सगळं दोनदा वाचलं. उत्तर द्यायला चार दिवस लावले, माफ करा.

पळासिया चौक, तुमचं वाक्य बोचलं कारण ते खरं आहे. भोपाळचं राहिलेलं माझ्या मनात आहे, नाकारत नाही. पण तेवढंच असतं तर मी २०२५ ची जाहिरात पाहून हसलो असतो. अवघ्या १९ जागा होत्या, पुरुषांसाठी १८, महिलांसाठी १. राहिलेलं पूर्ण करायला एवढ्या अरुंद दारात कुणी उभं राहत नाही. मला खरंच वाटतं की माझ्याजवळ द्यायला काहीतरी आहे आणि दोन वर्षांनी ते कुणी घेणार नाही.

हिशेबाची वही, तुमचे आकडे कागदावर उतरवून बायकोसमोर ठेवले. २४ पैकी ८ हे मी तिला सांगितलंच नव्हतं. 'दोन महिने' एवढंच म्हणालो होतो. ती काही बोलली नाही, उठून आईच्या खोलीत गेली. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या. म्हणजे आईला कळलं, आणि माझ्याकडून कळलं नाही याचं तिला वाईट वाटलं. ती चूक माझीच.

मग अधिसूचनेबद्दलही बोललो. पहिल्यांदा बायकोनं 'तू ठरव' सोडून दुसरं काही म्हटलं. ती म्हणाली, "मला तुझ्या जाण्याची भीती कमी वाटते. तू नसताना हे घर मला चालवता येईल की नाही, ते मलाच माहीत नाही. आधी ते कळू दे." तिनं एक अट घातली. मी १४ दिवस पीथमपूरला कारखान्याच्या गेस्ट हाउसवर राहायचं. घरी यायचं नाही. फोन रात्री नऊला, एकदाच, दहा मिनिटं. पोरांची शाळा, आईची तपासणी, गॅस, नळाचं पाणी, स्कूटीची सर्व्हिसिंग, सगळं ती करणार. माझ्या बहिणीला पुण्याहून बोलवायचं नाही.

पळासिया चौक

वहिनींना नमस्कार सांगा. पण पीथमपूर आणि काश्मीरच्या सीमेवरचं कुपवाडा एक नव्हे. २५ किलोमीटरवर नवरा आहे हे माहीत असलं की माणूस वेगळ्याच धीरानं वागतो. आणि १४ दिवस म्हणजे दीड वर्ष नव्हे. ही परीक्षा पास झाली म्हणून होकार समजू नका.

हिशेबाची वही

होकार समजू नका हे खरं, पण नापास झाली तर नकार नक्की समजता येईल. निदान तेवढं तरी पक्कं कळेल. त्या १४ दिवसांचा वरखर्च वेगळा लिहून ठेवा. बाहेरून मागवलेलं जेवण, रिक्षा, आईजवळ बसायला ठेवलेली बाई, सगळं. दोन महिन्यांसाठी त्याला चारानं गुणा.

महूची लेक

दादा, एक मागणं आहे. त्या १४ दिवसांत पोराला ताप आला तर तुम्ही गाडी काढून याल, मला माहीत आहे. या, बाप आहात. पण आलात तर ते वहिनींच्या बाजूनं लिहून ठेवा, 'जरा अपवाद झाला' असं नका म्हणू.

आणि वहिनींसाठी: माझं सासर सुदामा नगरला आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. मला इथे निरोप पाठवा, मी नंबर कळवते. या १४ दिवसांत नाही, अट तुमची आहे, ती मोडत नाही. पण हे पुढे खरंच गेले तर रात्री बेरात्री बोलवा. माझं मत बदललेलं नाही. फॉर्म भरू नये असंच मला वाटतं. पण भरला तर तुमच्या रांगेत एक घर तरी असेल.

राजेंद्रनगरकर

ताई, तुमचा निरोप तिला वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला सांगितला.

सोमवारी सकाळच्या बसनं जातोय. आईच्या गोळ्यांच्या डब्यावर बायकोनं स्वतःच्या अक्षरात वार लिहून घेतलेत, माझ्या अक्षरातली चिठ्ठी काढून टाकली. मुलीनं विचारलं, नऊच्या दहा मिनिटांत तिची किती. तीन ठरलीत.