मदत हवी आहे: प्रीॲम्प्लिफायर पॉवर ॲम्प्लिफायरला जोडल्यावर येणारी गुणगुण आणि उथळ झालेला खर्ज

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी अमळनेरला राहतो. घरी व्हॉल्व्हवर (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा संकेत निवडून त्याची पातळी ठरवणारे उपकरण, आहे आणि त्याला अलीकडे ट्रान्झिस्टरचा दुसरा पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर चालवणारे उपकरण, जोडला आहे. तेव्हापासून स्पीकरमधून सतत गुणगुण येते आणि खर्ज पूर्वीपेक्षा उथळ लागतो. वडिलांनी जपलेल्या अहिराणी लग्नगीतांच्या कॅसेट मी त्यावर ऐकतो, आणि त्यांतली ढोलकीची थाप पोकळ वाटू लागल्यामुळे हा प्रश्न मला मनापासून सोडवायचा आहे.

आधी गुणगुणीबद्दल. पॉवर ॲम्प्लिफायरच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोके एकमेकांना जोडणारा प्लग) लावून तो एकटा सुरू केला, तर स्पीकर पूर्ण शांत असतात. प्रीॲम्प्लिफायर जोडताच गुणगुण सुरू होते, आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती तसूभरही कमी होत नाही. प्रीॲम्प्लिफायरच्याच आउटपुटला बॅटरीवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर जोडून ऐकले, तर मात्र आवाज स्वच्छ येतो. त्यामुळे दोष कोणत्याही एका उपकरणात नसून, दोघांच्या तीन पिनी प्लगमधील अर्थिंगची तार आणि आरसीए केबलचे (दोन उपकरणांना जोडणाऱ्या साध्या ऑडिओ केबलचे) बाहेरचे धातूचे कवच यांतून तयार होणाऱ्या ग्राउंड लूपमध्ये, म्हणजे नको असलेला प्रवाह फिरवणाऱ्या बंद वळशामध्ये, आहे, असे माझे मत झाले आहे. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतल्यावर गुणगुण बरीच उतरली, पण गेली नाही. त्याच लाइनवरचा कूलर चालू असला की ती पुन्हा वाढते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे शक्य नसते.

वायरमनने दोन उपाय सुचवले. पहिला असा की, उन्हाने काळी माती कोरडी पडून अर्थिंगचा खड्डा निकामी होतो, म्हणून त्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालावे. सुरक्षेसाठी ते काम मी करून घेतले. परंतु दोन्ही उपकरणे त्याच एका खड्ड्याला जोडलेली असल्यामुळे त्यांच्यामधला लूप त्याने तुटणार नाही, हे उघड होते आणि तसेच झाले. दुसरा उपाय प्रीॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा होता. तो मी करणार नाही. आत व्हॉल्व्हसाठी शेकडो व्होल्टचा पुरवठा आहे आणि घरात लहान मुले आहेत. कृपया हा सल्ला कोणी देऊ नये.

पॉवर ॲम्प्लिफायरला आरसीएबरोबर एक्सएलआर (तीन पिनांचे, संकेताच्या दोन तारा जाळीपासून वेगळ्या ठेवणारे) इनपुटही आहे, प्रीॲम्प्लिफायरला फक्त आरसीए आउटपुट आहे. म्हणून दोन तारा आणि वर जाळी असलेली केबल घेऊन, आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या 2 क्रमांकाच्या पिनला आणि आरसीएची बाहेरची कडी 3 क्रमांकाच्या पिनला जोडावी, असा विचार आहे. जाळी 1 क्रमांकाच्या पिनला जोडून आरसीएच्या टोकाला मोकळी सोडावी, की दोन्ही टोकांना जोडावी? आणि एवढ्याने भागले नाही, तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी न ठेवता फक्त संकेत पुढे नेणारा) मध्ये घालणे योग्य ठरेल का?

खर्जाचे कारण मला इम्पीडन्समध्ये, म्हणजे संकेताला होणाऱ्या विद्युत अडथळ्यात, दिसते. माहितीपत्रकानुसार प्रीॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स 2.5 किलोओहम असून आउटपुटला 0.22 मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आतला डीसी अडवून फक्त आवाजाचा संकेत पुढे सोडणारा) आहे. आधीच्या पॉवर ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स 47 किलोओहम होता, तेव्हा खर्जाच्या वारंवारतेची खालची मर्यादा साधारण 15 हर्ट्‌झ येत होती. नव्याचा इनपुट इम्पीडन्स दोन्ही सॉकेटांवर 10 किलोओहम आहे, त्यामुळे तीच मर्यादा 58 हर्ट्‌झच्या आसपास येते, म्हणजे तिथेच आवाज 3 डेसिबलने पडलेला असतो. कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडचा केला, तर ती 13 हर्ट्‌झवर उतरेल. हे गणित बरोबर आहे का, ते कृपया तपासावे. मूळ कपॅसिटर 400 व्होल्टचा असल्याने नवाही फिल्म प्रकारचा आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा घेईन, आणि आतला साठलेला विद्युतदाब उतरवल्याशिवाय हात घालणार नाही.

एक शंका मात्र राहते. मोठ्या कपॅसिटरमुळे उपकरण सुरू करताना स्पीकरमध्ये येणारा ‘धप्प’ असा धक्का वाढून स्पीकरला इजा होऊ शकते का? मी प्रीॲम्प्लिफायर आधी सुरू करून व्हॉल्व्ह तापल्यावरच पॉवर ॲम्प्लिफायर लावतो, आणि बंद करताना पॉवर ॲम्प्लिफायर आधी बंद करतो. पण मध्येच वीज जाऊन परत आली, तर हा क्रम पाळला जात नाही. त्यासाठी स्पीकरच्या वाटेवर उशिरा जोडणारा रिले (विजेवर आपोआप चालणारा स्विच) कोणी बसवला असेल, तर त्याची जोडणी सांगावी. माझ्याकडे मल्टीमीटर आहे. कुठे काय मोजायचे ते कळवल्यास आकडे इथे लिहीन.