मदत हवी आहे : सीएनसी लेथवर आटे पाडताना दुसरा कट पहिल्या खाचेत बसत नाही

अर्धवट_आटा :
हौसेसाठी घेतलेल्या लहान लेथ मशीनला स्टेपर मोटरी बसवून ते संगणकावर चालवतो. टर्निंग, फेसिंग, टेपर हे सर्व व्यवस्थित होते. मात्र जी ७६ (आटे पाडण्याची तयार आज्ञा) लावून आटे पाडायला घेतले की पहिला कट सुरेख येतो, पिच (दोन आट्यांमधले अंतर) तपासायचे गेज त्यावर तंतोतंत बसते, आणि नंतरचा एखादा कट त्याच खाचेत न जाता बाजूला सरकून आट्यांचे माथे खाऊन टाकतो. कधी सलग दोन कट बरोबर बसतात, म्हणून आशा वाटते, आणि पुढच्या कटाला जॉब भंगारात जातो. एनकोडर (फिरणे मोजून पल्स देणारा सेन्सर) नवा आहे, त्यामुळे त्यावर संशय घेऊ नये. स्टेपर मोटरीच्या स्टेप चुकत असतील, हे उत्तरही नको. ते तपासून झाले आहे. नेमके काय बदलावे, एवढेच सांगावे.

बॅकलॅश :
कंट्रोलर कोणता, पिच किती, स्पिंडलचा वेग किती, धातू कोणता आणि जी ७६ ची पूर्ण ओळ काय, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. स्टेप तपासल्या म्हणजे कशा तपासल्या, हेही कळवावे.

जुना_टर्नर :
एवढ्या लहान कामासाठी आटे टूलने पाडण्याचा अट्टहास मला पटत नाही. टेलस्टॉकमध्ये डाय होल्डर लावावा, स्पिंडल हाताने फिरवावे, आटे सरळ येतात आणि जॉब वाया जात नाही. टूलनेच पाडायचे असतील तर टूलची धार ६० अंशांची आहे का, ती बरोबर सेंटरवर आहे का आणि टूल जॉबला काटकोनात बांधले आहे का, हे आधी पाहावे.

अर्धवट_आटा :
कंट्रोलर म्हणून संगणकावर लिनक्ससीएनसी आहे. माइल्ड स्टील, २० मिमी व्यास, पिच १.५ मिमी, वेग मिनिटाला ५०० फेऱ्या. जी ७६ मध्ये पी (पिच) १.५, जे (पहिल्या कटाची खोली) ०.१५, के (आट्याची पूर्ण खोली) ०.९२, आर २, क्यू २९.५. कॅरेजला डायल गेज लावून झेड (जॉबच्या लांबीच्या दिशेचा अक्ष) अनेकदा पुढेमागे पळवला. काटा दर वेळी शून्यावर परत येतो. टूल सेंटरवर आहे. डाय नको आहे, कारण पुढे मला प्रमाणित नसलेल्या व्यासांवर आटे पाडायचे आहेत.

मायक्रॉन :
जी ७ (व्यासाचा मोड) चालू आहे की जी ८ (त्रिज्येचा)? व्यासाच्या मोडमध्ये आय, जे आणि के हे तिन्ही व्यासाच्या मापात द्यावे लागतात. ०.९२ हे त्रिज्येवरचे माप आहे. जी ७ चालू असेल, तर आपले आटे निम्म्याच खोलीचे होत असतील.

बॅकलॅश :
मायक्रॉन यांचा मुद्दा बरोबर आहे, परंतु त्याने खोली चुकेल. कट बाजूला सरकणार नाही.

एक_पल्स :
माझा अनुभव असा आहे की एनकोडरच्या भानगडीत पडूच नये. मी माक३ हा कंट्रोल प्रोग्रॅम वापरतो. स्पिंडलच्या मागच्या टोकाला एक खाच असलेली चकती आणि समोर एक सेन्सर, एका फेरीला एक पल्स, एवढ्यावर माझे आटे वर्षानुवर्षे नीट येत आहेत.

बॅकलॅश :
ॲल्युमिनियमवर आणि बारीक पिचवर येत असतील. फेरीला एकच पल्स मिळाला की दोन पल्सांच्या मधे स्पिंडल किती मंदावले, हे कंट्रोलरला कळण्याचा मार्गच उरत नाही. स्टीलमध्ये खोल कट लागला आणि मोटर दबली की पिच बिघडते. एनकोडर असेल तर झेड स्पिंडलच्या मागे मागे जातो. वेग कमी झाला तरी दोघे मिळून कमी होतात.

एक_पल्स :
मोटर दबत असेल तर मोटर मोठी घ्यावी आणि कट हलका घ्यावा. उपाय यंत्राच्या बाजूने करावा, संगणकाच्या बाजूने नव्हे.

तेलकट_हात :
हा वाद बाजूला ठेवून एक विचारतो : एनकोडर नेमका कोठे बसवला आहे? आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याची मोटर केबल एनकोडरच्या तारेशेजारून तर जात नाही ना? खोटे पल्स मिसळले तर असेच घडते. केबल शील्ड असलेली घ्यावी आणि शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला करावे.

अर्धवट_आटा :
जी ८ चालू आहे, त्यामुळे ०.९२ बरोबर आहे. व्हीएफडी आहे, पण तारा वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या आहेत आणि पडद्यावर वेग स्थिर दिसतो. एनकोडर मोटरच्या शाफ्टवर आहे, कारण स्पिंडलच्या मागून बार आरपार न्यावा लागतो.

तेलकट_हात :
मग बेल्ट घसरत आहे. व्ही बेल्ट थोडा तरी घसरतोच.

अर्धवट_आटा :
बेल्ट दात्यांचा आहे. मोटरवर २४ दाते, स्पिंडलवर ६०. बेल्ट घसरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि २.५ चे गुणोत्तर एनकोडरच्या स्केलमध्ये (स्पिंडलच्या फेरीला किती पल्स, या आकड्यात) धरलेले आहे, म्हणूनच पिच बरोबर येते. दोन्ही शाफ्ट दात्यांनी जखडलेले असताना एनकोडर इकडे असला काय आणि तिकडे असला काय, सारखेच.

मायक्रॉन :
पिचपुरते सारखेच, परंतु कट कोठून सुरू करायचा यासाठी सारखे नाही. प्रत्येक कटाच्या आरंभी लिनक्ससीएनसी इंडेक्सच्या (एनकोडरच्या एका फेरीला एकदाच येणाऱ्या) पल्सची वाट पाहते आणि तेथून झेड निघतो. आपल्याकडे तो पल्स मोटरच्या फेरीला एकदा येतो. म्हणजे स्पिंडल ०.४ फेरी, अर्थात १४४ अंश फिरले की एकदा. मोटरच्या ५ फेऱ्यांत स्पिंडलच्या २ फेऱ्या होतात, म्हणून इंडेक्स जॉबच्या परिघावर ५ निरनिराळ्या ठिकाणी पडतो : ०, ७२, १४४, २१६ आणि २८८ अंश. टूल मागे येऊन तयार झाल्यावर यांपैकी जे ठिकाण आधी येईल, तेथून कट सुरू होतो. ७२ अंश म्हणजे १.५ च्या पिचमध्ये ०.३ मिमी. आपला कट सरकत असेल तर तो मन मानेल तितका न सरकता ०.३ च्या पटीतच सरकत असला पाहिजे, आणि कधीकधी योगायोगाने जुन्याच खाचेत बसत असला पाहिजे. सलग दोन कट बरोबर येतात असे आपण लिहिलेत, त्याचे कारण हेच असावे. साध्या टर्निंगमध्ये खाच शोधायचीच नसते, म्हणून तेथे काहीच जाणवत नाही.

पडताळा सोपा आहे. जॉबवर मार्करची शाई फासावी, टूल नुसते टेकेल इतक्याच खोलीवर तोच कट पुन्हा पुन्हा चालवावा आणि किती रेघा उमटतात ते पाहावे. कट लागत नसल्यामुळे भार, मोटर आणि स्टेप हे सर्व प्रश्न त्यातून वगळले जातात.

जुना_टर्नर :
हे वाचल्यावर लक्षात आले. आमच्या हाताच्या लेथवर चेसिंग डायलची (कट कधी सुरू करायचा ते दाखवणाऱ्या तबकडीची) चुकीची रेघ पकडून हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारे) दाबले, की नेमके असेच होते : पिच बरोबर, आटे मात्र दुहेरी. आम्हाला शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगत, की डायलची खात्री नसेल तर एकच रेघ धरावी आणि दर वेळी तिचीच वाट पाहावी.

एक_पल्स :
स्पिंडलवर सेन्सर लावा, हे मी आधीच लिहिले होते.

बॅकलॅश :
आपण एनकोडर काढून टाकायला सांगितले होते. तो काढण्याची गरज नाही. बेल्ट दात्यांचा असल्यामुळे ए आणि बी हे फिरणे मोजणारे फेज मोटरवरच्या एनकोडरचे राहू द्यावेत, त्यांची मोजणी विश्वसनीय आहे. फक्त झेड फेजची (म्हणजे इंडेक्सच्या पल्सची, झेड अक्षाची नव्हे) तार तेथून सोडवून स्पिंडलवर नव्या बसवलेल्या सेन्सरला जोडावी. पुलीच्या बाजूला एक स्क्रू आणि समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर एवढे पुरे. बार आरपार नेण्यात त्याची अडचण होत नाही. सेन्सरचे व्होल्टेज आपल्या कार्डाच्या इनपुटला चालते का, ते आधी पाहावे.

मायक्रॉन :
एक पथ्य मात्र पाळावे. असा सेन्सर किंचित उशिरा कळवतो. ५०० च्या वेगाला स्पिंडल एका मिलिसेकंदात ३ अंश फिरते. सर्व कट एकाच वेगाने घेतले तर उशीरही दर वेळी सारखाच राहतो आणि काही बिघडत नाही. अर्ध्यावर वेग बदलला तर कट पुन्हा थोडा सरकेल.

अर्धवट_आटा :
शाई फासून पाहिले. पाच रेघा उमटल्या, आणि त्यांच्यातले अंतर भिंगाखाली मोजता येईल इतपत ०.३ आहे. पुलीवर स्क्रू आणि सेन्सर बसवून तीच चाचणी घेतली, तेव्हा एकच रेघ आली. त्यानंतर स्टीलमध्ये पूर्ण खोलीपर्यंत आटे पाडले. माथे शाबूत आहेत. आता नट चढतो, पण सुरुवातीच्या एकदोन आट्यांवर अडतो आणि पुढे मोकळा फिरतो. टूल जॉबच्या १ मिमी आधीपासून सुरू करतो.

बॅकलॅश :
१ मिमी अपुरे आहे. ५०० वेग आणि १.५ पिच म्हणजे झेडला सेकंदाला १२.५ मिमी गाठायचे असतात. झेडचे ॲक्सिलरेशन (वेग वाढण्याचा दर) ५० मिमी/सेकंद² असेल, तर त्यासाठीच १.५६ मिमी लागतात, आणि इंडेक्स मिळाल्यापासून मागे पडलेले अंतर भरून काढायला आणखी थोडे. तोवर टूल जॉबला लागले, तर पहिल्या आट्यांची पिच चुकणारच. ५ मिमी मागून सुरू करावे. टेलस्टॉकमुळे तेवढी जागा नसेल, तर वेग २५० करावा. हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे चौथाई होते.

जुना_टर्नर :
त्याआधी जॉबच्या टोकाला आट्याच्या खोलीइतका चॅम्फर (तिरकी कड) मारला आहे का, तेही पाहावे. बर (कटानंतर उरलेली धातूची धारदार कड) राहिला तरी नट तेथेच अडतो.

नवखा_फिटर :
माझ्या लेथवर जीआरबीएल (लहान बोर्डावर चालणारा कंट्रोल प्रोग्रॅम) आहे. स्पिंडलवर असाच एक सेन्सर लावला, तर माझेही काम होईल का?

मायक्रॉन :
मूळ जीआरबीएलमध्ये झेडला स्पिंडलशी बांधण्याची सोयच नाही, त्यामुळे सेन्सर लावून उपयोग होणार नाही. त्यावरून तयार झालेल्या जीआरबीएल हॅलमध्ये ती सोय आहे, पण ते आपल्या बोर्डावर चालते का, हे बोर्डाचे नाव कळल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा, आणि त्यात बोर्ड, मोटर व सेन्सर यांची माहिती पहिल्याच प्रतिसादात द्यावी.