तलावपाळीची अर्धी फेरी

प्रश्न (नौपाडा, ठाणे): फुप्फुसाच्या धमन्यांतील जुन्या गुठळ्या काढण्याची शस्त्रक्रिया होऊन आईला चार महिने झाले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) त्या धमन्यांतला दाब उतरलेला दिसतो, तरी तलावपाळीच्या अर्ध्या फेरीतच ती कठडा धरून उभी राहते. असे का होत असावे?

उत्तर: गुठळ्या निघाल्या की हृदयाच्या उजव्या कप्प्यावरचा भार लगेच हलका होतो, पण वर्षानुवर्षे ताणलेला तो कप्पा सावरायला कित्येक महिने लागतात, शिवाय नेहमीचा इको निजवून काढतात, त्यामुळे चालताना दाब किती चढतो ते त्यात कळत नाही. माझ्या वडिलांची ६ मिनिटे चालण्याची चाचणी अधूनमधून होते. अंतर आम्ही वहीत लिहितो.

उत्तर: ताई, चाचणीत ऑक्सिजनही पाहायला सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र आयुष्यभर घ्यावी लागते, ती कृपया चुकवू नका.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारच्या तपासणीत चाचणीविषयी नक्की विचारते.