शब्दचर्चा: खेळाडूचा 'आत्मविश्वास' आणि त्याची भावंडं

लेखणीवाली: शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहितेय. अव्वल खेळाडूंकडे एवढा आत्मविश्वास येतो कुठून? पण पानभर हा एकच शब्द झालाय. खात्री, भरवसा, मनोबल, धमक यांपैकी कुठला कुठे चालेल?

गल्लीक्रिकेट: सरसकट कुठलाच नाही. क्रियापदं लावून बघा. आत्मविश्वास वाढतो, दुणावतो, डळमळतो. भरवसा मात्र 'कशावर?' हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.
मार्च १९९८ची चेन्नई कसोटी घ्या. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या खरबडीत मारा करणार हे ओळखून सचिनने आधीच सरावाच्या खेळपट्टीचा तेवढा भाग मुद्दाम उकरून घेतला आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथेच चेंडू टाकायला लावून सराव केला. पहिल्या डावात ४ धावांवर वॉर्ननेच त्याला काढलं. दुसऱ्या डावात नाबाद १५५. मधल्या काळात त्याचा आत्मविश्वास डळमळला की नाही, तो जाणे. सरावावरचा भरवसा सुटला नव्हता, हे फटक्यांतून दिसलं.

शब्दखोर: उदाहरण झकास, पण शब्द तपासा. 'पावसाचा काय भरवसा', 'त्याच्या भरवशावर राहू नका'. आपल्याला भरवसा आठवतो तो बहुधा नसतानाच. शिवाय भरवशाच्या म्हशीला टोणगा आहेच!

गल्लीक्रिकेट: मग 'भरवशाचा फलंदाज' म्हटल्यावर द्रविड का आठवतो? म्हशीला इथे आणू नका हो.

रंकाळाकर: कुस्तीच्या तालमीत यातला एकही शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे म्हणतात 'डावावर हात बसलाय'. रोज जोडीदाराबरोबर तोच पट, तीच ढाक घोटून घोटून डाव अंगवळणी पडतो. मग वस्ताद एवढंच म्हणतात, 'बिनघोर लढ.' बिनघोर! घोर नसणं म्हणजेच आत्मविश्वास. आत आणखी काही भरावं लागत नाही.
'रग' वेगळी बरं का. ती ताकदीची असते, तारुण्याची असते आणि समोरचा जिरवू शकतो. बसलेला हात कुणाला जिरवता येत नाही.

पोहणारी आत्या: रंकाळाकर दादा, 'हात बसणे' माझ्या पाण्यातही लागू. बीजिंग २००८, २०० मीटर बटरफ्लाय. मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि त्याला दिसेना. त्याने हात मोजले. भिंत किती हातांवर येते हे सरावातून अंगात मुरलेलं होतं. जिंकला, तेही १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. इथे 'आत्मविश्वास' लिहिलंत तर वाचक छाती फुगवलेला माणूस बघेल. मी 'खात्री' लिहीन: भिंत कुठे आहे याची खात्री. जिंकण्याची खात्री कुणालाच नसते, आणि असली तर तिला 'फाजील' हे विशेषण आपल्याकडे तयारच आहे.

शब्दखोर: हे पटलं. मानसशास्त्रातही हाच भेद आहे. आल्बर्ट बांडुराने १९७७मध्ये 'सेल्फ-एफिकसी' मांडली ती 'हे ठरावीक काम मला जमेल' एवढ्यापुरती. तिचं सर्वांत बळकट मूळ म्हणजे आधी स्वतः करून दाखवलेलं असणं. दुसऱ्याला जमताना बघणं, कुणी धीर देणं आणि शरीराची अवस्था ही बाकीची तीन. आपण भाषणांत नेमकं धीर देण्यावरच थांबतो, म्हणून 'मनोबल उंचावले' हा शब्दप्रयोग मला पोकळ वाटतो. वर्तमानपत्रातच राहू द्या.

लेखणीवाली: चौथं मूळ, शरीराचं, त्याला काय म्हणू? धडधडत असेल तर आत्मविश्वास नाही असं मुलं समजतात.

रंकाळाकर: आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सांगा त्यांना. पॅरिस २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण, कांस्य. फायनलच्या सकाळी नुसता काळा चहा घेऊन गेला होता, खाणं नाही. ठोके जोरात पडत होते, लक्ष ठेवलं श्वासावर. हे त्यानेच नंतर सांगितलंय. पोटात गोळा आणि बसलेला हात एकाच माणसात सुखाने नांदतात. 'निर्धास्त' मात्र लिहू नका, तो तसा नव्हता.

पोहणारी आत्या: आणि 'धमक' दुसऱ्याने म्हणायची. 'माझ्यात धमक आहे' असं खेळाडूच्या तोंडी घातलंत की सिनेमा होतो.

लेखणीवाली: सुरुवातीचा परिच्छेद असा केलाय: 'सचिनचा भरवसा उकरलेल्या खेळपट्टीवरच्या सरावावर होता. फेल्प्सला भिंतीची खात्री होती. स्वप्नीलच्या पोटात गोळा होता, पण हात बसलेला होता.' 'आत्मविश्वास' आता फक्त शीर्षकात उरलाय.

शब्दखोर: रायफलला 'हात बसणे' की 'नजर बसणे'? नेमबाज कुणी असेल तर बोला.