एकट्या पडलेल्या मुलांसाठी गेमिंगचा गट: कोणते गेम, गट कसा बसवायचा?

अभ्यासिका_येरवडा
आमच्या अभ्यासिकेत दर शनिवारी 2 तास गेमचा गट सुरू करायचाय. वय 13 ते 16. डबा खाताना कोणी जवळ घेत नाही, वर्गाच्या ग्रुपमधून काढून टाकलंय, अशी 4 मुलं आहेत. एक जण अडखळत बोलतो. टीव्ही, कन्सोल, 4 कंट्रोलर, 3 जुने लॅपटॉप आहेत. बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) चालेल का?

समुपदेशक_कोथरूड
बीजीएमआय नको. जो तो आपल्या मोबाइलात मान घालतो आणि मेला की नुसता बसून राहतो. शेजारच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असा गेम हवा.

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ घ्या. बॉम्ब एकालाच दिसतो, तो निकामी करायची पुस्तिका बाकीच्यांच्या हातात. गेमची एकच प्रत लागते, पुस्तिका फुकट मिळते, छापून घ्या. ती इंग्रजीत आहे, म्हणून आधी वायरींचं पान मराठीत लिहून काढा: ‘3 वायरी, लाल एकही नाही? दुसरी काप. लाल आहे आणि शेवटची पांढरी? शेवटची काप.’ वायरी वरून खाली मोजायच्या, हे ठरवलं नाही तर पहिला बॉम्ब तिथेच फुटतो.

अडखळणाऱ्या मुलाला सुरुवातीला बॉम्बपुढे बसवू नका. घड्याळ पळायला लागलं की शब्द आणखी अडकतो. त्याला नियम शोधून बोट ठेवायचं काम द्या, वाचेल दुसरा. तो बोलायला लागला की वाक्य त्याचं त्यालाच पुरं करू द्या, मध्ये शब्द पुरवू नका.

आणि फक्त ही 4 मुलं गोळा करू नका, गटावर लगेच शिक्का बसतो. सर्वांशी पटणारी, शांत स्वभावाची 2 मुलं सोबत घ्या. त्रास देणारा मुलगा मात्र पहिले काही महिने त्याच गटात नको.

जॉयस्टिक_सहकारनगर
टीव्हीवर ‘ओव्हरकुक्ड 2’ हा स्वयंपाकघराचा गेम लावा, 4 जण एकत्र खेळतात. यात एकच धोका: हात बसलेला मुलगा चिरणं, शिजवणं, ताट देणं सगळं स्वतःच उरकतो आणि बाकीच्यांवर ओरडतो. कामं आधीच वाटा. एक भांडी घासेल, एक फक्त चिरेल. प्रत्येक लेव्हलनंतर कामं बदला. ‘ऑल यू कॅन ईट’ आवृत्तीत असिस्ट मोडने वेळ वाढवता येतो, नवख्यांसाठी तीच बरी.

उरलेल्या दोघांना लॅपटॉपवर ‘लुआन्टी’ द्या (पूर्वीचं माइनटेस्ट, ठोकळ्यांनी घरं बांधायचे गेम यात चालतात). फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं. त्यातला ‘माइनक्लोनिया’ हा माइनक्राफ्टसारखा गेम घरूनच उतरवून आणा, म्हणजे तिथे इंटरनेट लागत नाही आणि अनोळखी कोणी चॅटवर येत नाही. एक लॅपटॉप होस्ट (खेळ त्यावर सुरू करायचा), दुसरा त्याच्या आयपीवर (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) पोर्ट 30000 ने जोडायचा. जोडलं जात नसेल तर आधी विंडोजची फायरवॉल बघा, मग राउटर. गेस्ट वायफायवर बहुतेकदा उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. दर शनिवारी ‘वर्ल्ड्स’ फोल्डरची कॉपी ठेवा. कोणी कोणाचं घर पाडलं तर परत उभं करता येतं, भांडण चिघळत नाही.

अभ्यासिका_येरवडा
आभार. गटात मुलीही आहेत, त्यांच्या घरांतून परवानगी मिळेल का, ही धास्ती आहे.

समुपदेशक_कोथरूड
ताई, पहिल्या शनिवारी त्यांच्या आईंनाच बोलवा, कंट्रोलर हातात द्या. खोलीत एक बाई कायम हवी, दार उघडं, सातच्या आत सुट्टी. खेळ 75 मिनिटांचाच ठेवा. उरलेल्या वेळात स्क्रीन बंद करून पोहे-चहा. त्या वेळी कोण कोणाशेजारी बसतं, तेवढं लिहून ठेवा. स्कोअर नको.