शब्दचर्चा: ‘रेफ्री चुकला’ आणि ‘रेफ्री विकला गेला’ यांच्या मधला शब्द कुठला?

बाकावरचा
मंडळी, फुटबॉलची मॅच बघताना रेफ्रीला आपण जे बोलतो त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही, पण उरलेल्या निम्म्यावर बोलूया. आपल्याकडे रेफ्रीसाठी दोनच गिअर आहेत असं मला वाटायला लागलंय. एक म्हणजे ‘चुकला बिचारा’, आणि तिथून थेट ‘पैसे खाल्ले, विकला गेला, मॅच सेट होती’. मधे काही नाहीच. 11 जून 2024 ची दोहाची मॅच घ्या, भारत विरुद्ध कतार, वर्ल्डकप पात्रता. छांगतेच्या गोलमुळे आपण 1-0 पुढे, आणि 73 व्या मिनिटाला बॉल आपल्या गोलकीपर गुरप्रीतच्या बाजूने गोललाईनच्या बाहेर गेला, अख्खा गेला, गुरप्रीत तसाच बसून होता कारण त्याच्या लेखी खेळ थांबलाच होता, आणि कतारच्या खेळाडूने तो बाहेरून पायाने आत ओढला आणि आयमनने गोल मारला. रेफ्री कोरियाचा. लाइनमनलाही दिसलं नाही, व्हार (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा सहाय्यक रेफ्री) त्या फेरीत नव्हतंच. नंतर त्यांनी अजून एक मारला, आपण 2-1 हरलो आणि पुढच्या फेरीची संधी गेली. फेडरेशनने तक्रार केली, निकाल काही बदलला नाही.
आता मला सांगा, याला काय म्हणायचं? ‘चूक’ म्हटलं तर फारच मिळमिळीत वाटतं. ‘विकला गेला’ म्हणायला माझ्याकडे पुरावा शून्य. त्या रात्री ग्रुपवर मात्र सगळे दुसरंच म्हणत होते.

शुद्धलेखनवाली
याला ‘धडधडीत चूक’ म्हणायचं की. नुसती चूक वेगळी, धडधडीत चूक वेगळी. व्हारच्या नियमांतसुद्धा हाच भेद आहे, रेफ्रीचा निर्णय बदलायचा तर चूक उघड आणि ढळढळीत पाहिजे, थोडं इकडचं तिकडचं असेल तर मैदानावरचा निर्णय राहतो. म्हणजे ज्या कल्पनेवर जगभर भांडणं चालू आहेत तिला आपल्याकडे आधीपासून नेमका शब्द आहे.
‘पक्षपात’ हा शब्द मात्र जपून वापरा, त्यात एका बाजूला कलणं आहे. कोरियाच्या माणसाचा कतारकडे कल होता हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, त्याला दिसलं नाही एवढंच सिद्ध करता येतं. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. तो तर लाइनमन झाला! (तसंही आमच्याकडे लाइनमन म्हटलं की महावितरणचा माणूस डोळ्यासमोर येतो. नियमात 1996 पासून तो सहाय्यक पंच आहे, पण कोण म्हणतंय तसं.)

पेठेतला
ताई तुमचं बरोबर हाय पण आमच्याकडं कोल्हापुरात एक तिसरा शब्द हाय की, ‘त्यांचा माणूस’. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की शिट्टी वाजायच्या आधीच गॅलरीत विचारणा सुरू, रेफ्री कुठल्या पेठेतला, कुणाबरोबर चहा पितो, पाव्हणा कुणाचा. पैसे घेतले असं कुणी म्हणत नाही बरं का. ‘त्यांचा माणूस’ म्हणजे मनानं तिकडचा, त्याला स्वतःलाबी माहीत नसंल कदाचित. मग त्यानं त्यांना थ्रो दिला तरी आरडाओरडा आणि आपल्याला पेनल्टी दिली तरी ‘आता भरपाई करतोय बघ’. लई अवघड काम हाय ते, मी एकदा प्रॅक्टिस मॅचला शिट्टी धरली होती, परत नाव काढलं न्हाई.

बाकावरचा
‘भरपाई’ जबरदस्त शब्द आहे राव. एक चुकीची पेनल्टी दिली म्हणून दुसऱ्या बाजूलाही एक चुकीची द्यायची, आणि प्रेक्षक याला न्याय म्हणतात!

लंडनहून
मी इथे गेली बरीच वर्षं लिव्हरपूलच्या मॅच बघतो त्यामुळे दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅमच्या मैदानावर, आमच्या लुइस दियासचा गोल. लाइनमनने ऑफसाईडचा झेंडा वर केला, व्हारच्या खोलीत बसलेल्याने रेषा वगैरे आखून बघितलं तर ऑफसाईड नाहीच, पण त्या माणसाच्या डोक्यात असं होतं की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून तो म्हणाला तपासणी पूर्ण. म्हणजे योग्य उत्तर शोधून काढलं आणि चुकीच्या प्रश्नाला लावलं. काही सेकंदांत लक्षात आलं तोवर खेळ सुरू झालेला, आणि एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. लिव्हरपूल शेवटी नऊ जणांवर आलं आणि 96 व्या मिनिटाला मातिपच्या स्वयंगोलने 2-1 हरलं. रेफ्री संघटनेने मोठी मानवी चूक झाली असं जाहीर केलं आणि काही दिवसांनी आतल्या बोलण्याचं ऑडिओ रेकॉर्डिंगही सोडलं.
आता गंमत बघा, चूक कबूल झाली, ऑडिओ ऐकला, त्यात कुणी कुणाचं काही खाल्लेलं नाही हे कानांनी ऐकलं, तरी लोकांनी शोधून काढलं की त्यातले दोघं त्याच आठवड्यात युएईमधे मॅच करून आले होते, आणि लिव्हरपूलच्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीचे मालकही तिथलेच! झालं. चुकीचा संशय व्हायला एक दिवस पुरला. मी म्हणतो मुळात त्यांना आठवड्याच्या मधे तिकडे जाऊ द्यायचंच कशाला? इथे आरोप करायची गरजच नाही, मला शब्द सुचतो तो ‘ढिसाळपणा’. माणूस प्रामाणिक, कारभार ढिसाळ. बाकावरचा, तुमचा मधला शब्द हाच असावा.

शुद्धलेखनवाली
ढिसाळपणा पटला. पण मग ‘विकला गेला’ हा शब्द खरोखर कुठे वापरायचा तेही ठरवूया, नाहीतर त्याची धार जाते. जर्मनीचा रॉबर्ट होयझर, 2005 सालचं प्रकरण, त्याने सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मॅच फिरवल्याचं कबूल केलं आणि त्याला शिक्षा झाली. तो विकला गेला, इथे दुसरा शब्द चालणारच नाही.
त्याच्या पुढच्या वर्षी इटलीत जे झालं ते मात्र ‘विकला गेला’ मधे बसत नाही. तिथे युव्हेंटसचा कारभारी रेफ्री नेमणाऱ्यांशी फोनवर बोलायचा, टॅप केलेल्या फोनमधून सगळं बाहेर आलं, युव्हेंटसचं विजेतेपद काढून घेतलं आणि क्लबला खालच्या डिव्हिजनमधे पाठवलं. कोणत्या मॅचला कोण रेफ्री यावर वजन टाकायचं, मग वेगळं काही सांगावंच लागत नाही. मराठीत याला शंभर वर्षं घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे, वशिला.

फातोर्डा
वशिला! हो हो. आणि ‘सेटिंग’ हा त्याचाच धाकटा भाऊ.
पण एक अन्याय उलट्या बाजूनेही होतो तो सांगतो. 3 मार्च 2023, बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) नॉकआउट, एक्स्ट्रा टाइम. ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत अजून लागतेय, गोलकीपर सूचना देतोय, आणि बंगळुरूच्या छेत्रीने पटकन फ्री किक मारून गोल केला. रेफ्रीने गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी टीम मैदानाबाहेर नेली, परत आलेच नाहीत. क्लबला 4 कोटी दंड, प्रशिक्षकांना 10 मॅचची बंदी. मी त्या दिवशी घरी बसून ‘चीटिंग चीटिंग’ म्हणून ओरडलो होतो, माझी टीम नसताना. पण नियम असा आहे की फ्री किकला दरवेळी शिट्टी लागतच नाही, रेफ्रीने ‘शिट्टीची वाट बघ’ असं सांगितलं असेल तरच थांबायचं. म्हणजे भांडण शिट्टीचं नव्हतंच, थांबायला सांगितलं होतं की नाही याचं होतं, आणि ते टीव्हीवर बघणाऱ्या आपल्याला कळणार कसं? रग्बीत रेफ्रीचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येतं. फुटबॉलमधे रेफ्री हातवारे करतो आणि आपण अर्थ लावत बसतो, निम्मा राग तर त्यातूनच येतो असं माझं मत.

पेठेतला
टीम बाहेर नेणं म्हणजे रडीचा डाव. माफ करा पण हेच म्हणणार.

बाकावरचा
मला रडीचा डाव वाटत नाही, वर्षभर साठलेलं एकदम बाहेर आलं असावं. फॅनचंही तसंच असतं, एका निर्णयावर कुणी एवढा भडकत नाही. मागच्या आठवड्यात हाताला बॉल लागला तर पेनल्टी, या आठवड्यात तसाच लागला तर खेळा पुढे, त्या मोठ्या टीमच्या डिफेंडरने शर्ट ओढला तर ताकीद, आमच्याने ओढला तर पिवळं कार्ड. पेपरवाले लिहितात ‘पंचगिरीत सातत्याचा अभाव’, मला तो शब्दच पटत नाही. दर आठवड्याला चुकणं हेही सातत्यच की!

शुद्धलेखनवाली
खरंय, सातत्य म्हणजे खंड न पडणं. तुम्हाला म्हणायचंय ते एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, म्हणजे ‘दुजाभाव’. नावडतीचं मीठ अळणी. आणि दुजाभाव करायला पैसे लागत नाहीत, मुद्दाम ठरवावं लागतं असंही नाही, मोठ्या स्टेडियममधे पन्नास हजार लोक एकदम ओरडले की हात आपोआप कार्डाच्या खिशाकडे जातो. तुमच्या दोन गिअरच्या मधला गिअर मला तरी हा वाटतो. ढिसाळपणा कारभाराचा, दुजाभाव शिट्टीचा. दोहाला यातला पहिलाच होता, व्हारशिवाय पात्रता फेरी खेळवणं हा कारभार झाला.

लंडनहून
एक अवांतर. ‘रेफ्री’ शब्द ‘रेफर करणे’ मधूनच आलाय, आपले डॉक्टर पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला रेफर करतात तेच. सुरुवातीला दोन्ही टीम आपापला अंपायर आणायच्या, त्यांचं जमलं नाही तर बाहेर उभ्या तिसऱ्याकडे प्रकरण रेफर करायचं. 1891 साली तो तिसरा शिट्टी घेऊन मैदानात आला आणि अंपायर रेषेवर गेले. म्हणजे पेठेतले दादा, ‘त्यांचा माणूस’ ही एके काळी अधिकृत पोस्ट होती!

पेठेतला
नाद खुळा! गॅलरीत सांगतो हे.

फातोर्डा
सगळं झालं पण एक राहिलंच. तो व्हार, ती व्हार की ते व्हार? वर बाकावरचा ‘व्हार नव्हतंच’ म्हणालेत.

शुद्धलेखनवाली
पूर्ण नावात रेफ्री आहे त्यामुळे व्याकरणाने ‘तो’. पण लोक मशीन समजून ‘ते’ म्हणतात, आणि मला वाटतं ‘ते’च टिकेल.

लंडनहून
आमच्या घरी ‘ती’. ‘ती व्हार अजून बघतेच आहे का?’ असं आई विचारते.