सायकल ट्रॅक आधी कॉलेज रोडला की सातपूर-अंबडला? आणि गाड्यांचा वेग कमी करायचा तर कसा?

गोदाकाठ :
सिंहस्थ 2027 च्या निमित्ताने आपल्या नाशिक शहरात रस्ते रुंद होतायत, काँक्रीट होतायत, आणि एकदा काँक्रीट पडलं की पुढची कित्येक वर्षं त्या रस्त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून आत्ताच बोलून घेऊ. आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच मागणी फिरतेय, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला सायकल ट्रॅक करा. मी स्वतः सायकल चालवतो तरी माझा याला विरोध आहे. ट्रॅक आधी त्र्यंबक रोडला सातपूरपर्यंत आणि सातपूर-अंबड लिंक रोडला पाहिजे. कॉलेज रोडला फक्त गाड्यांचा वेग कमी करा, ताशी 30 ची मर्यादा लावा.

कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या वेळेला सातपूरला पपया नर्सरीच्या चौकात उभं राहून बघा. सायकलवरचा कामगार, हँडलला डब्याची पिशवी, मागे रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, आणि खेटून कंटेनर. हा माणूस अगदी कडेने जातो, आणि कडेलाच चेंबरचं झाकण दोन-तीन इंच दबलेलं असतं, पावसात पाणी साचलं की ते दिसतच नाही, ऐनवेळी तो चुकवायला आत वळतो आणि मागचा ट्रकवाला तेवढ्यात ब्रेक मारू शकत नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून हा सायकलवर आहे. निवेदन द्यायला तो येत नाही कारण ऑफिसं उघडी असतात तेव्हा तो मशीनवर उभा असतो.

नाशिकला सायकलिंगचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. 2015 ला महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली, 2017 ला लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच रेस एकट्याने पूर्ण केली, दरवर्षी पंढरपूरची सायकल वारी निघते. पण महापालिकेचा पैसा खर्च करताना पहिला हक्क रोज सायकलवर कामाला जाणाऱ्याचा. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ स्मार्ट रोड झाला, सायकल ट्रॅकसकट, लांबी 1.1 किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यावरून कोण कुठे जाणार? ट्रॅक संपला की तुम्ही परत सिटीलिंकच्या बसपुढे. तोच प्रकार कॉलेज रोडला परत नको.

मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ सगळं प्रशासकांच्या सहीने चाललं, लोकांना विचारायची सवयच मोडली. म्हणून म्हणतो, मत मागायला जो येईल त्याला हे विचाराच.

मेनरोडचा_माल :
दादा, ट्रॅक नको म्हणालात तेवढं बरं झालं. पण वेग कमी करण्याच्या नावाखाली जे चालतं त्यालाही माझा विरोध आहे. माझं कपड्यांचं दुकान आहे. आमच्या समोरचा रस्ता मागे एकदा सुशोभीकरण म्हणून खोदला, फुटपाथ रुंद केला, खांब रोवले आणि गाडी लावायची जागाच गेली. ऐन दिवाळीच्या तोंडावर काम अर्धवट, फळीवरून गिऱ्हाईक आत यायचं. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, भाऊ गाडी कुठे लावू, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. ते गिऱ्हाईक एकदा मोबाईलवर ऑर्डर करायला लागलं की परत येत नाही हो. दुकानात चार पोरं कामाला आहेत, त्यांचा पगार काय रस्ता सुंदर दिसतो म्हणून निघतो का? आधी पार्किंगची जागा दाखवा, नकाशावर नको, जागेवर दाखवा, मग बाकीचं बोला.

क्लासची_आई :
मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. गोदाकाठ दादा, कामगारांचा हक्क पहिला, मान्य, पण कॉलेज रोडला ट्रॅक नको कसं म्हणता? संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा बीवायके सर्कल ते कॅनडा कॉर्नर बघा, नववी-दहावीची पोरं ट्रिपल सीट मोपेडवर. सोळा वर्षांच्या आत कुठलंच लायसन्स मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर आईबापाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद हा कायदा 2019 पासून आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक गाडी देतात. मी माझ्या शेजारणीला विचारलं तर म्हणाली, सायकलवर पाठवायची भीती वाटते, मोपेडवर निदान पटकन घरी येतो. म्हणजे रस्ता सायकलला इतका वाईट की आईला बेकायदा मोपेड जास्त सुरक्षित वाटतेय! ही पोरं सायकलवर आली तर तुमच्या दुकानापुढची पार्किंगची गर्दीपण कमी होईल दादा, एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात.

मेनरोडचा_माल :
ताई, सायकलवर येणारी पोरं माझ्याकडे साड्या घेत नाहीत. साडी घ्यायला चार बायका मिळून कारमध्ये येतात, सोबत आजी असते, तिला लांबून चालवत आणता येत नाही. माझा धंदा मला माहीत आहे.

रिटायर्ड_इंजिनियर :
माझी सगळी नोकरी सरकारी रस्त्यांच्या कामात झाली, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. आपल्याकडे वेग कमी करायचा म्हटलं की लोक म्हणतात गतिरोधक टाका, आणि नगरसेवक रात्रीतून टाकून देतो. गतिरोधकाला नियम आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचा 99 नंबरचा कोड, मूळ 1988 चा, 2018 ला सुधारलेला. उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, म्हणजे गोलाई इतकी पसरट की 25 च्या वेगाने गाडी आरामात वर चढून खाली उतरते, गचका बसत नाही. शिवाय पांढरे-काळे पट्टे आणि 40 मीटर आधी बोर्ड. आता आपल्या कॉलनीतला बघा, हातभर रुंद आणि वीतभर उंच, डांबराचा नुसता बांध. गाडीचं खालून घासतं, कमरेचा मणका हलतो, गरोदर बाई रिक्षात असेल तर तिचे हाल, अँब्युलन्सची तर बातच नको.

आणि ते रबरी तुकड्यांचे असतात ना, ते महिन्या-दोन महिन्यांत उखडतात, रबर जातं आणि जमिनीत ठोकलेले बोल्ट तसेच वर राहतात. रात्री सायकलचं चाक त्याच्यावर गेलं की ट्यूब गेली, आणि चालवणारा पडला तर तोंडावर. हे काढायचं काम कोणाकडेच नसतं, टाकायचं टेंडर असतं, काढायचं नसतं. माझा वेग कमी करण्याला शंभर टक्के पाठिंबा आहे, पण उंच झेब्रा करा, म्हणजे रस्त्यापेक्षा उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग, शाळा-कॉलेजच्या गेटसमोर, मोजून मापून, आणि चौकात वळणाची त्रिज्या कमी करा म्हणजे डावीकडे वळणारा आपोआप हळू होतो. त्याला दुकानदारांची एक इंच जागा लागत नाही.

द्वारका_रोजचा :
काका, सगळं बरोबर, पण वेग आहे कुठे हो? मी सिडकोतून नाशिकरोडला रोज जातो, द्वारका चौकात पोचलो की गाडी पायानेच ढकलतो. मुंबई नाक्याला तीच बोंब. लोक अर्धा-अर्धा तास धूर खातायत आणि इथे चर्चा काय तर अजून हळू चालवा. ज्याला सायकल चालवायची त्याला गोविंदनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गंगापूर डॅमकडे जा, कोणी अडवलंय? आधी सिग्नल नीट करा, रिक्षा चौकातून मागे घ्या, खड्डे भरा. आम्ही टॅक्स भरतो ते अडायला नाही.

गोदाकाठ :
द्वारकाचा त्रास खरा आहे भाऊ, तिथे कोणी 30 ची मर्यादा मागतच नाहीये. पण जॉगिंग ट्रॅकवर सायकल चालवून माणूस कंपनीत कसा पोचणार ते सांगा. मी म्हणतोय ते मधल्या रस्त्यांबद्दल, कॉलेज रोड, थत्ते नगर, इंदिरानगरच्या आतले रस्ते, जिथे दुपारी रस्ता मोकळा मिळाला की लोक साठने पळवतात. पन्नासच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते, तीसला 8 च्या आसपास. पोरगं अचानक पुढे आलं तर तुम्ही ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग एक टक्का वाढला की जीव जाणाऱ्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. आणि उशीर किती होतो? दोन किलोमीटरला चाळीसने तीन मिनिटं, तीसने चार. एका मिनिटासाठी कोणाचं पोरगं जावं असं तुम्हालाही वाटत नाही, माहीत आहे मला.

सध्या_कार्डिफ :
मी मूळचा पंचवटीचा, इथे वेल्समध्ये राहतो, हाच वाद इथे डोळ्यांसमोर झाला म्हणून लिहितोय. 17 सप्टेंबर 2023 पासून इथे वस्तीतल्या रस्त्यांना ताशी 30 मैलांच्या ऐवजी 20 मैल, म्हणजे आपले 32 किलोमीटर, अशी सरसकट मर्यादा आली. लोक इतके भडकले की विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि वेल्सची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आहे. पुढच्या वर्षी सरकारने नियमावली बदलली आणि स्थानिक कौन्सिलना काही रस्ते परत 30 मैलांवर नेता येतील असं केलं. पण गल्लीबोळात आणि शाळांजवळ 20 कायम आहे. माझं मत, मर्यादा हवीच, पण कुठला रस्ता घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे त्या भागातल्या लोकांसोबत बसून आधीच ठरवलं असतं तर एवढं पेटलं नसतं.

मेनरोडचा_माल :
म्हणजे तिथेपण मागे घ्यावं लागलंच ना. आम्ही तेच सांगतोय, आधी विचारा.

सध्या_कार्डिफ :
सगळं मागे नाही घेतलं दादा, काही रस्त्यांपुरतं. बहुतेक ठिकाणी अजून 20 च आहे.

श्रमिकनगर :
माझे वडील अंबडला कंपनीत होते, आयुष्यभर सायकलवर गेले. गोदाकाठ दादांनी आमचा विषय काढला त्याबद्दल बरं वाटलं, कोणी काढत नाही. पण एक सांगतो, लिंक रोडला ट्रॅक केला तर दुसऱ्या दिवशी त्यावर ट्रेलर उभे राहतील. आत्ताच अर्धा रस्ता ट्रेलरने आणि भंगाराच्या गाड्यांनी भरलेला असतो. नुसता रंग मारून किंवा प्लास्टिकचे खांब लावून तिथे काही होणार नाही, ते खांब ट्रकच्या चाकाखाली जातात. कठडा पाहिजे, काँक्रीटचा, मधे फट फक्त सायकलपुरती. आणि त्याच्याही आधी लाइट. रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाला ट्रॅक दिसला तर तो चालवेल ना. बंद खांब चालू करा, चेंबर रस्त्याच्या लेव्हलला आणा, या दोन गोष्टींना टेंडर-बिंडरची वाट बघायची गरज नाही. आणि हो, आता बऱ्याच पोरांनी हप्त्यावर मोटरसायकल घेतलीय, पण हेल्पर, कंत्राटी, वॉचमन, कँटीनच्या बायका, हे सगळे सायकलवर नाहीतर पायीच आहेत.

क्लासची_आई :
श्रमिकनगर भाऊ, तुमचं पहिलं होऊ दे, लाइट आणि चेंबर उद्याच होऊ दे, मी सही करते. पण कॉलेज रोड नंतर बघू असं लिहून देणार नाही. नंतर म्हणजे कधीच नाही, हे या शहरात सगळ्यांना माहीत आहे.

गोदाकाठ :
ताई, ठीक आहे, कॉलेज रोडला ट्रॅकचा आग्रह तुम्ही धरा, माझा विरोध मी तसाच लिहितो, एकाच निवेदनात दोन मतं गेली तरी चालतील. पण एक गोष्ट नीट घालू. रस्ता महापालिकेचा असला तरी वेगाची मर्यादा महापालिका ठरवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 112 आहे, राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी मर्यादा कमी करू शकतो. तेव्हा एक प्रत पोलीस आयुक्तालयाला पण द्यावी लागेल, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. काका, उंच झेब्र्याचं माप तुम्ही लिहून द्याल का?

रिटायर्ड_इंजिनियर :
देतो. स्केचसकट देतो. कुठल्या गेटसमोर पाहिजे ती यादी तुम्ही करा.

मेनरोडचा_माल :
उंच झेब्रा चालेल, 30 ला पण माझा विरोध नाही, माझी स्वतःची नात त्याच रस्त्याने शाळेत जाते. ट्रॅकला विरोध कायम. आणि निवेदनात पार्किंगचे पट्टे आखायची मागणी पहिल्या पानावर नसेल तर आमच्या लाइनीतल्या एकाही दुकानदाराची सही मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

क्लासची_आई :
पहिल्या पानावर नाही दादा. दुसऱ्या पानावर लिहू, पहिल्यावर पोरं.